भिंगांची खातेवही



अहिल्यानगर येथील एका कापड-व्यापारी कुटुंबातून या सदरासाठी पत्र आले आहे. अकरावीत शिकणाऱ्या चिरंजीवांस छायाचित्रणाचा छंद जडला आहे. घरात चार वर्षांपूर्वी घेतलेला कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स आहे. गेल्या चातुर्मासात श्रीसंघाने प्रवचनसभेची व तपस्वींच्या बहुमान सोहळ्याची छायाचित्रे काढण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. परंतु स्थानकात फ्लॅश वापरण्यास मनाई असल्याने निम्मी छायाचित्रे हललेली व काळपट आली. आता चिरंजीव म्हणतात, ‘फुल फ्रेम’ कॅमेरा घेतल्याखेरीज हे जमणार नाही, आणि त्याचा खर्च पावणेदोन लाख रुपये. वडिलांचा प्रश्न असा की, ही हौस पुरवावी की मोडावी? एरवी ठेवी, वारसनोंद आणि कर्जाचे हप्ते यांविषयी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे विचारण्याचे कारण एवढेच की, बँकेच्या नोकरीत असल्यापासून मला हा छंद आहे आणि गेल्या काही वर्षांत मी उसनी, भाड्याची व स्वतःची अशी पुष्कळ भिंगे हाताळली आहेत.

प्रथम चिरंजीवांची बाजू घेतो. त्यांची तक्रार खरी आहे. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ही लेन्स निरुपयोगी नाही. दिवसाउजेडी, अंगणात, सहलीत ती उत्तम काम देते. परंतु मंद प्रकाशाच्या सभागृहात तिचे हात बांधले जातात. त्याचे कारण लेन्सवर छापलेल्या एका आकड्यात आहे. एफ १.८, एफ ५.६ अशा स्वरूपाचा हा आकडा म्हणजे भिंगाच्या आतील द्वाराचे माप. व्यापारी माणसाला हे माप उलटे वाटते, कारण आकडा लहान असेल तेवढे द्वार मोठे. वास्तविक तो एक साधा भागाकार आहे. केंद्रांतराला, म्हणजे फोकल लेन्थला, त्या आकड्याने भागले की द्वाराचा व्यास मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाचे द्वार एफ १.८ ला सुमारे २८ मिलिमीटर उघडते. तेच एफ ५.६ ला जेमतेम ९ मिलिमीटर. क्षेत्रफळ काढले, तर पहिल्या द्वारातून दुसऱ्याच्या साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत येतो. सोबतची लेन्स ५५ च्या टोकाला नेली की तिचे द्वार एफ ५.६ पेक्षा अधिक उघडतच नाही.

याचा व्यवहारातील अर्थ असा. स्थानकात नळीच्या दोन दिव्यांच्या प्रकाशात जे छायाचित्र एका सेकंदाचा पंधरावा भाग घेत होते, ते एफ १.८ च्या लेन्सने सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाहूनही कमी वेळात निघते. पंधराव्या भागात हात जोडणारी श्राविका हलते, पचक्खाण घेण्यासाठी उठलेला बालक तर निव्वळ धुक्यासारखा उमटतो. सव्वाशेव्या भागात दोघेही स्थिर मिळतात.

आता फुल फ्रेमचा हिशेब मांडू. या प्रकारच्या कॅमेऱ्यातील संवेदक ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. आपल्या घरातील सर्वसाधारण कॅमेऱ्याचा सुमारे साडेतेवीस बाय साडेपंधरा. क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून थोडे अधिक. मंद प्रकाशात मिळणारा लाभही स्थूलमानाने त्याच प्रमाणात. म्हणजे पावणेदोन लाख खर्चून सव्वादोन पट, आणि दहा हजारांच्या आसपास मिळणाऱ्या (कंपनीनुसार काही अधिक) ५० मिलिमीटर एफ १.८ च्या लेन्सने साडेनऊ पट. पतपुरवठ्याचा प्रस्ताव म्हणून हे दोन अर्ज माझ्या टेबलावर आले असते, तर कोणता मंजूर झाला असता, हे निराळे सांगावयास नको.

अर्थात लेन्सलाही अटी आहेत. द्वार पूर्ण उघडले की स्पष्टतेची पट्टी अतिशय अरुंद होते. जवळून काढलेल्या चेहऱ्यात डोळे धारदार आणि कान धूसर, असा प्रकार घडतो. एका व्यक्तीच्या चित्राला ते शोभते. परंतु तीन ओळींत बसविलेल्या एकत्र कुटुंबाला नाही. तेथे एफ ५.६ किंवा ८ वरच यावे लागते, आणि मग सोबतची जुनी लेन्सच पुरेशी ठरते. दुसरे असे की, घरच्या कॅमेऱ्यावर ५० चे दृश्य आणखी आवळलेले दिसते. आमच्या सदनिकेच्या दिवाणखान्यात मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, तरी पाच माणसे चौकटीत मावेनात. ज्याला मुख्यतः घरातीलच प्रसंग टिपावयाचे आहेत, त्याने ३५ मिलिमीटरची पाहावी. प्रवचनसभेत मागील रांगेत बसून काम करणाऱ्यासाठी ५० योग्य.

येथे एक सूचना. शुभ्र वस्त्रे आणि संगमरवर ही आपल्या समाजातील छायाचित्रकाराची नित्याची परीक्षा होय. कॅमेऱ्यातील मापकाला समोरचे जग सरासरी करड्या रंगाचे आहे, असे गृहीत धरून काम करण्याची शिकवण असते. म्हणून पांढऱ्या वस्त्रांतील श्रावकांची रांग त्याला ‘फार उजळ’ वाटते आणि तो ती करडी करून टाकतो. चिरंजीवांची काही छायाचित्रे ‘काळपट’ येण्याचे कारण बहुधा हेच असावे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशी खूण असलेली कळ असते; ती दाबून एक ते दीड पायरी अधिकाकडे न्यावी. यास एक पैसाही लागत नाही. साधु-साध्वींचे व जिनप्रतिमेचे छायाचित्र काढण्यापूर्वी मात्र अनुज्ञा घ्यावीच. अनेक पूज्य संत छायाचित्रास संमती देत नाहीत, अनेक देरासरांत तसा फलक असतो, आणि छंदाचे कारण पुढे करून तेथे सवलत मागणे मला प्रशस्त वाटत नाही.

मंद प्रकाश म्हटला की प्रत्येक वेळी मोठ्या द्वाराचीच लेन्स हवी, असेही नाही. वेरुळच्या ३२ क्रमांकाच्या इंद्रसभा लेण्यात मी सोबतच्याच १८-५५ ने काम केले. तिच्यात कंप शोषून घेणारी यंत्रणा आहे. स्तंभाजवळ कोपरे अंगाशी घट्ट धरून, श्वास रोखून, सेकंदाच्या आठव्या भागात मला कोरीव काम स्वच्छ मिळाले. पाषाण हलत नाही. कंप शोषणारी यंत्रणा आपला हात सावरते, समोरच्याची हालचाल थांबवीत नाही. माणसांसाठी मोठे द्वार, दगडासाठी धीर, असा हा भेद आहे. दुकानदार तो सहसा सांगत नाही, कारण त्यात विक्री नाही.

आता खातेवहीकडे वळतो. प्रत्येक डिजिटल छायाचित्रासोबत त्याची नोंद आपोआप लिहिली जाते. केंद्रांतर किती, द्वार किती, वेळ किती, तारीख कोणती, हे सारे त्यात असते. संगणकावर छायाचित्राचे गुणधर्म उघडले की ते दिसते. नवी लेन्स घेण्याचा विचार मनात आला की मी गेल्या वर्षभरातील निवडक छायाचित्रांची ही नोंद काढतो आणि कागदावर रकाने पाडतो. १८ ते २४, २४ ते ३५, ३५ ते ५५ आणि त्यापुढे. कोणत्या रकान्यात गर्दी आहे ते पाहिले की आपल्याला वाटणारी गरज आणि आपली प्रत्यक्ष वहिवाट यांतील अंतर उघडे पडते. एका स्नेह्यांना अतिविशाल कोनाची महाग लेन्स घ्यावयाची होती. त्यांचा तक्ता मांडला, तर १८ ते २४ च्या रकान्यात नातवाच्या वाढदिवसाची दोन चित्रे निघाली. बेत तेथेच मिटला. पत्रलेखक बंधूंनी पितापुत्रांनी एकत्र बसून एका रविवारी हा तक्ता करावा. दुकानात माल भरताना आपण मागील हंगामाची विक्री पाहतोच. तोच न्याय येथे लावावा.

कॅमेऱ्याचे धड आणि लेन्स यांत गुंतवणुकीचा विचार करावयाचा, तर धड वेगाने घसाऱ्याला लागते. दोन-तीन वर्षांत नवा नमुना येतो आणि जुन्याची किंमत उतरते. चांगली सांभाळलेली लेन्स मात्र बरीच वर्षे आपली किंमत राखते आणि धड बदलले तरी, जोडणीची खाच तीच असेल तर, पुढे चालते. म्हणून बंधूंना माझे उत्तर असे : हौस मोडू नये. ५० ची लेन्स घ्यावी, पक्क्या बिलावर घ्यावी, बिलावर लेन्सचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि पुढचा चातुर्मास त्याच कॅमेऱ्यावर होऊ द्यावा. त्यानंतरच्या तक्त्यात आणि चित्रांत जर खरोखर संवेदकाची अडचण दिसली, तर मोठ्या खर्चाचा विचार करण्यास आधार मिळेल.

दूरच्या भिंगांविषयी अधिक सविस्तर लिहावेसे वाटते, कारण तेथे प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथील बाहुबलीच्या क्षेत्रावर २८ फुटांची मूर्ती आहे. पहिल्या खेपेस मी चरणांपाशी जाऊन विशाल कोनाच्या लेन्सने ती टिपली. चरण भव्य, मस्तक इवलेसे असे चित्र आले. दुसऱ्या खेपेस पुष्कळ मागे सरलो आणि ७०-३०० ची लेन्स लावली. तेव्हा मूर्तीचे प्रमाण आणि मुखावरील शांती जशीच्या तशी मिळाली. लोक म्हणतात, लेन्सने फरक पडला. वस्तुतः फरक अंतराने पडला. मागे सरून मी तेच विशाल कोनाचे भिंग वापरले असते आणि मधला भाग कापून मोठा केला असता, तरी अवयवांचे परस्पर प्रमाण तेच आले असते. लांबचे भिंग आपल्याला एवढेच देते की, दूर राहूनही चौकट भरता येते.

हेच भिंग पक्ष्यांकडे वळविले की या अंतराला नैतिक बाजू येते. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणजवळ कुंभारगाव येथे हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. पुण्याहून पहाटे निघून मी तेथे तीन वेळा गेलो. एका खेपेस १५०-६०० मिलिमीटरची लेन्स दिवसाच्या भाड्याने आणली होती. वजन सुमारे दोन किलो. तासाभरात मनगट बोलू लागते. तिने काय दिले आणि काय दिले नाही, दोन्ही सांगतो. सकाळी साडेसात-आठपर्यंत दूरच्या पक्ष्याचे पीस न् पीस दिसले. ऊन चढले, पाण्यावरील हवा तापून थरथरू लागली आणि तीच महागडी लेन्स लिबलिबीत चित्रे देऊ लागली. तापलेल्या हवेपुढे कोणत्याही कंपनीचे काही चालत नाही. त्या वेळी होडीतील सहप्रवासी नावाड्याला आग्रह करू लागले, ‘अजून पुढे घ्या, थवा उठवा, उडताना फोटो हवेत.’

रोहित पक्षी मान उलटी पाण्यात घालून, चोचीतील जाळीतून सूक्ष्म जीव व शेवाळ गाळून खातो. हे काम संथ आणि दीर्घकाळ चालणारे असते. थवा उठविला की ते जेवण मोडते, आणि दिवसभरात दहा होड्या आल्या की दहा वेळा मोडते. प्रथम अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अन्नपान-निरोध’ हा एक अतिचार आपण प्रतिक्रमणात दर वेळी उच्चारतो. तो मुख्यत्वे आपल्या आश्रयास असलेल्या जीवांसंबंधी सांगितला जातो, हे मला ठाऊक आहे. तरीही भिगवणच्या पाण्यावर मला तो शब्द तंतोतंत लागू वाटला. आमच्या नावाड्याने, तो मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला होता, वल्हे आडवे ठेवले आणि होडी तशीच उभी ठेवली. ‘साहेब, ते रोज इथंच जेवतात,’ एवढेच म्हणाला. त्या दिवशी माझ्याकडे उडत्या थव्याचे एकही चित्र आले नाही. चरणाऱ्या पक्ष्यांची मात्र तीस-चाळीस आली. ६०० मिलिमीटरची लेन्स मी विकत घेतली नाही. वर्षातून दोन दिवसांच्या कामासाठी दोन किलो काच कपाटात ठेवण्याचे मला प्रयोजन दिसले नाही. भाड्याची सोय पुरेशी आहे.

मॅक्रो लेन्सविषयी थोडक्यात. ही लेन्स वस्तूला संवेदकावर तिच्या मूळ आकाराएवढी उमटविते. एका सराफ मित्राकडून मी १०० मिलिमीटरची काही दिवस आणली होती. सराफी किंवा रत्नांचा व्यवसाय असलेल्या कुटुंबांनी हौसेपलीकडे जाऊन तिचा विचार करावा; नथीतील मोत्यांचा पाणीदारपणा ग्राहकाला दूरस्थ दाखविण्यास तिच्यासारखे साधन नाही. स्पष्टतेची पट्टी येथे मिलिमीटरच्या अंशांत मोजावी लागते, म्हणून द्वार एफ ११ च्या आसपास लहान करून कॅमेरा तिवईवर ठेवावा आणि प्रकाश पातळ पांढऱ्या कापडातून गाळून घ्यावा. कीटकांच्या छायाचित्रणात मात्र काही हौशी मंडळी फुलपाखरे शीतकपाटात ठेवून, गारठवून मग त्यांची ‘स्थिर’ चित्रे घेतात. आपल्या घरातील मुलांपर्यंत ही युक्ती पोहोचण्याआधी त्यांना तिचे नाव काय ते स्पष्ट सांगून ठेवावे. पहाटे दव असताना कीटक स्वतःच निश्चल असतो. तेव्हा उठण्याचे कष्ट घ्यावेत.

अलीकडे तरुणांत जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यांची ओढ पुन्हा दिसू लागली आहे. माळ्यावरचा आगफा क्लिक किंवा याशिका काढून त्यात रोल भरण्याचे वेड काही घरांत शिरले आहे. या संदर्भात एक गोष्ट आपल्या वाचकांस ज्ञात असावी. फिल्मवरील प्रकाशग्राही चांदीचे कण ज्या पातळ थरात धरून ठेवलेले असतात, तो थर जिलेटिनचा असतो, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने चांदीचे क्षार जिलेटिनमध्ये मिसळून काचपट्टीवर लावण्याची रीत सुचविली आणि पुढे साऱ्या उद्योगाचा पाया तोच झाला. हा संबंध किती निकटचा आहे, याचे एक उदाहरण विलक्षण आहे. १९२० च्या दशकात कोडॅक कंपनीला जिलेटिनच्या काही खेपांत फिल्मची संवेदनशीलता घटल्याचा अनुभव येत होता. सॅम्युएल शेपर्ड या त्यांच्या शास्त्रज्ञाने शोध लावला की, मोहरीवर्गीय वनस्पती खाल्लेल्या जनावरांच्या जिलेटिनमध्ये गंधकयुक्त अंश उतरतो आणि फिल्मला संवेदनशीलता त्यामुळे येते. जनावराने काय खाल्ले, हे फिल्मवर उमटत होते! आजही फिल्म जिलेटिनवरच बनते, आणि रसायनांत धुऊन काढल्या जाणाऱ्या पारंपरिक छायाचित्र-कागदावरही तोच थर असतो.

आमच्या पिढीपुढे दुसरा पर्याय नव्हता, आणि आजी-आजोबांचे जुने अल्बम कोणी टाकून द्यावेत, असे मी मुळीच म्हणत नाही. ती आपल्या घराण्याची ठेव आहे. परंतु संवेदकावर चित्र घेण्याची निर्दोष सोय हाताशी असताना, निव्वळ जुनेपणाच्या आकर्षणापोटी नवा रोल विकत घेणे जैन घरात मला रुचत नाही. जुन्या कॅमेऱ्यांच्या चामडी पेट्यांबाबतही तेच. सुदैवाने आता कापडी व नायलॉनच्या पिशव्या सर्वत्र मिळतात. लेन्स पुसण्यासाठी प्राण्यांच्या केसांचे ब्रश विकले जातात, त्यांचीही आवश्यकता नाही. रबरी फुग्याने धूळ उडवावी आणि कृत्रिम धाग्याच्या मऊ फडक्याने हलकेच पुसावे.

साधनांची मर्यादा हा विषय निघालाच आहे. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेताना पूर्वजांनी भूमी, सुवर्ण, धान्य यांबरोबर घरातील भांडीकुंडी व सामानसुमानाचीही मर्यादा घालण्यास सांगितले. मी स्वतःसाठी एक धड आणि तीन भिंगे अशी मर्यादा ठरविली आहे : जुनी १८-५५, ५० ची आणि ७०-३००. चौथे आणावयाचे, तर आधी एक कमी करावयाचे. या नियमाचा अनपेक्षित लाभ असा की, जी तीन आहेत त्यांची निगा नीट राहते.

निगेतील सर्वांत मोठा शत्रू आपल्याकडे पावसाळा आहे. हवेतील आर्द्रता बराच काळ साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की काचेच्या आतील बाजूस बुरशीचे तंतू फुटतात. त्यांच्या आम्लाने काचेवरील लेप कायमचा खरवडला जातो. दुरुस्ती करणारा ती बुरशी रसायनाने मारून काढतो, आणि त्याला आपण पैसे देतो. लीलण-फूलण निर्माणच होऊ नये अशी जयणा पाळणे, हे आपल्या स्वयंपाकघरांत पापड-लोणच्यांच्या बरण्यांबाबत माता-भगिनी पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. लेन्सलाही तेच लागते. घट्ट झाकणाचा, रबरी कडेचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलची पिशवी आणि शे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राहावा. नारिंगी दाणे हिरवे झाले, निळे असतील तर गुलाबी झाले, की ते ओलावा पिऊन तृप्त झाले आहेत, असे समजावे. कोरड्या कढईत मंद आचेवर परतून मूळ रंगावर आणावेत आणि थंड झाल्यावर पुन्हा डब्यात ठेवावेत. कढई स्वयंपाकाची नसावी, निराळी ठेवावी. आमच्याकडे आषाढ-श्रावणात हे काम दर पंधरवड्याला, पक्खीच्या दुसऱ्या दिवशी असते.